नागरी लोहमार्ग : प्रवासीक्षमता व स्थानकरचना

शहर व त्याची उपनगरे यांमधील दैनंदिन प्रवासासाठी असलेल्या लोहमार्गावरून एका दिशेने एका तासात जास्तीत जास्त जितके प्रवासी नेता येतात, त्या संख्येस त्या मार्गाची प्रवासीक्षमता म्हणतात. तासाला धावणाऱ्या गाड्यांची संख्या व प्रत्येक गाडीत सामावणारे प्रवासी यांच्या गुणाकाराने ती काढतात. तथापि हा गुणाकार रुळांपुरताच खरा असतो. फलाटावर येणे, गाडीत चढणे-उतरणे आणि स्थानकाबाहेर पडणे यांपैकी ज्या टप्प्यातून सर्वांत कमी माणसे जाऊ शकतात, तो टप्पाच प्रत्यक्ष क्षमता ठरवितो.

आंतरकाल व थांबा : लागोपाठच्या दोन गाड्यांमधील वेळेस आंतरकाल म्हणतात. तो ३ मिनिटे असल्यास तासाला २० गाड्या धावतात व प्रत्येक गाडीत २,००० प्रवासी धरल्यास क्षमता ४०,००० होते. आंतरकाल किती कमी करता येईल, हे सिग्नल यंत्रणा, गतिरोधकांची कार्यक्षमता आणि सर्वाधिक गर्दीच्या स्थानकावरील थांबा यांवर अवलंबून असते. दरवाजांची संख्या व रुंदी पुरेशी असेल आणि फलाट डब्याच्या तळाशी समपातळीत असेल, तर थांबा कमी पुरतो. अंतिम स्थानकात गाडीची दिशा बदलण्यास लागणारा वेळ व फलाटांची संख्या यांचेही बंधन असते. मुंबईत चर्चगेट येथे उपनगरी गाड्यांना ४ फलाटांवरूनच परत फिरावे लागते.

गाडीतील गर्दी : उभ्या प्रवाशांची दाटी दर चौ. मी.मागे मोजतात. भारतातील मेट्रो गाड्यांचा अभिकल्प करताना सामान्यतः ६ ते ८ माणसे धरतात. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत गर्दीच्या वेळी हे प्रमाण १४ ते १६ पर्यंत जाते. तेथे विजेवरील पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर धावली. पुढे मागणी वाढली, तसे ९ व नंतर १२ डबे जोडण्यात आले. पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये १५ डब्यांची गाडी सुरू झाली. गाड्यांची लांबी वाढली, तरी जिने व पूल त्याच प्रमाणात सर्वत्र रुंदावले नाहीत.

जिने व पूल : अमेरिकन अभियंते जॉन जे. फ्रूइन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पादचाऱ्यांची दाटी व वेग यांचा संबंध मांडून सोयीच्या सहा श्रेणी ठरविल्या. सपाट मार्गिकेच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला सु. ८० माणसे जाऊ शकतात, तर जिन्यावरून सु. ५५. एका गाडीतून १,५०० प्रवासी उतरले आणि ३ मी. रुंदीचा एकच जिना असला, तर मिनिटाला १६५ या दराने फलाट मोकळा होण्यास सु. ९ मिनिटे लागतील. तीन मिनिटांनी पुढची गाडी येईल, तेव्हा सु. १,००० माणसे फलाटावरच असतील. चढणारे व उतरणारे एकाच जिन्यावर समोरासमोर आल्यास हा दर आणखी घटतो. विशिष्ट दाटीपलीकडे माणसाला स्वतःच्या इच्छेने हालचाल करता येत नाही आणि श्वास कोंडून मृत्यू ओढवतो.

मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) स्थानकावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी असेच घडले. पावसामुळे अनेकजण अरुंद पादचारी पुलावर व जिन्यावर थांबले असता नव्या गाड्यांतील प्रवाशांची भर पडत गेली. चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. या परिसरातील कापडगिरण्या बंद पडून त्यांच्या जागी कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या. गिरणगावासाठी बांधलेल्या स्थानकावर त्यामुळे नव्या प्रकारच्या गर्दीचा भार आला होता. लष्कराने उभारलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला.

अभिकल्पाची तत्त्वे : जिने फलाटाच्या एकाच टोकाला न ठेवता संपूर्ण लांबीवर विभागावेत, म्हणजे प्रवासीही डब्यांमध्ये विभागले जातात. येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवाशांचे मार्ग शक्य तेथे वेगळे असावेत. जिन्याच्या तोंडाशी दुकाने वा तिकीट-खिडक्या नसाव्यात. दोन मार्ग जेथे मिळतात, त्या स्थानकांचा विचार एकत्रित करावा लागतो; २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यावर अंधेरी व घाटकोपर येथील जुन्या स्थानकांवर बदली-प्रवाशांचा मोठा भार पडला. मुंबईच्या भुयारी मेट्रोत (३३·५ किमी.; २०२५ मध्ये पूर्णतः खुली) फलाटाच्या कडेला सरकते दरवाजे आहेत. त्यांमुळे रुळांवर पडण्याचा धोका टळतो, परंतु जिन्यांवरील दाटी कमी होत नाही. अमेरिकेतील अग्निसुरक्षा-मानकानुसार आणीबाणीत फलाट ४ मिनिटांत रिकामा होऊ शकला पाहिजे. गाडीला डबे वाढविताना किंवा आंतरकाल कमी करताना प्रत्येक स्थानकाची या कसोटीवर फेरतपासणी करणे आवश्यक ठरते.