बक्षीस, पोस्त आणि सेवाशुल्क

खारघरच्या कोणत्याही हमरस्त्यावरून संध्याकाळी सातच्या सुमारास चालू लागावे, तो उपाहारगृहांच्या दिव्यांनी डोळे दिपून जातात. सिडको संस्था १९७० साली स्थापन झाली, त्या वेळी पांडवकड्याच्या पायथ्याशी भाताची खाचरे होती. आज त्याच भूमीवर वाढदिवस, परीक्षेचा निकाल, नव्या घराचा आनंद असे कोणतेही निमित्त निघाले की दहा-वीस मंडळी मिळून बाहेर जेवावयास जातात. यात वावगे काहीच नाही. परंतु जेवण आटोपून बिल आले म्हणजे वाढणाऱ्या माणसास काय द्यावे, मुळी द्यावे की न द्यावे, आणि बिलात आधीच काही रक्कम घातलेली असेल तर ती मुकाट्याने भरावी काय, याविषयी पुष्कळांच्या मनात गोंधळ असतो. तो थोडाबहुत दूर व्हावा या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी शालान्त परीक्षेचा अखेरचा पेपर झाल्यावर दहावीच्या एका तुकडीतील मुलामुलींनी निरोपाचे जेवण ठरविले व आम्हांसही आग्रहाने नेले. एकंदर पाने चोवीस. मुलांनी अगोदर चौकशी करून माणशी ३५० रुपयांचे जेवण ठरविले होते, आणि कर धरून प्रत्येकी ३७० रुपये गोळा केले होते. आमचा वाटा धरून हाती ८,८८० रुपये होते. हिशेब चोख होता. कारण जेवणाचे ८,४०० रुपये आणि त्यावर शेकडा ५ प्रमाणे वस्तू व सेवा कराचे ४२० रुपये मिळून ८,८२० रुपयेच व्हावयाचे. परंतु बिल आले ते ९,७०२ रुपयांचे! पाहतो तो मध्येच ‘सेवाशुल्क, शेकडा १०’ अशी एक ओळ होती. तिचे ८४० रुपये, आणि त्या ८४० रुपयांवर पुन्हा ४२ रुपये कर.

मुलांचे चेहरे उतरले. वर्गप्रमुख मुलगा धीट होता. त्याने गल्ल्यापाशी जाऊन ती ओळ काढून टाकण्याची विनंती केली. “दहापेक्षा अधिक मंडळी असली की आमच्याकडे असाच नियम आहे, कार्डावर तसे छापलेले आहे,” असे गल्ल्यावरील गृहस्थ म्हणाले. “सेवाशुल्काची सक्ती करता येत नाही, काका,” असे मुलाने नम्रपणे पण ठासून सांगितले. दहा मिनिटे बोलाचाली झाली. शेवटी ती ओळ गेली, नवे बिल आले आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या.

बिल भरून ६० रुपये उरले. तेवढे बशीत ठेवून मंडळी उठली. अडीच तास आमच्या पंगतीस एकटा राबलेला वाढपी आमच्या मुलांहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. त्याने बशी उचलली, नोटांकडे पाहिले न पाहिलेसे केले आणि आम्हांस म्हणाला, “सर, पायरी ओली आहे, सांभाळून उतरा.” घरी पोहोचेपर्यंत आमच्या मनातून ते साठ रुपये काही जाईनात. मुले कायद्याने जिंकली होती हे खरे. पण आम्ही सारे न्यायाने वागलो होतो काय? हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, आणि त्यांचा घोटाळा केल्यामुळेच या विषयात बहुतेकांची चूक होते.

वास्तविक हा भेद आपल्या लोकांस नवा नाही. जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी इत्यादी बलुतेदारांस सुगीच्या वेळी धान्याचा ठरीव वाटा मिळे. ते बलुते होय. वर्षभर केलेल्या कामाचा तो मोबदला. तो हक्काने मिळावयाचा, आणि साधारण किती मिळावयाचा हे देणाऱ्याघेणाऱ्यांस आधीपासून ठाऊक असे. त्या पद्धतीत मनुष्याचे काम जन्मावरून ठरविण्याचा मोठा अन्याय होता, तो विसरून चालणार नाही. येथे आम्ही केवळ शब्दाचा अर्थ दाखवीत आहो. पोस्त याहून निराळी. दिवाळीच्या दिवसांत घरगड्यास किंवा टपालवाल्यास जे खुशीने हातावर ठेवितात ती पोस्त. तिचा दर नसतो, आणि देणाऱ्याची खुशी हेच तिचे कारण असते. फारसीतून आपल्याकडे आलेल्या ‘बक्षीस’ या शब्दाचा मूळ अर्थही देणगी असाच आहे.

यावरून दोन साध्या गोष्टी निघतात. बलुते घ्यावयाचे असेल तर त्याचा आकडा आधी सांगून तो भावातच धरावा; आणि पोस्त घ्यावयाची असेल तर ती देणाऱ्याच्या मनावर सोडावी. बिलात आपोआप घातलेल्या सेवाशुल्काचा दोष हा की, ते नाव पोस्तीचे सांगते आणि वसुली बलुत्याची करते. शिवाय वसूल झालेले धान्य शेवटी कोणाच्या कणगीत पडले, हे देणाऱ्यास कळत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सेवाशुल्क ऐच्छिक आहे असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०१७ सालीच कळविले होते. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण झाले, व त्याने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट सूचना काढल्या. त्यांचा सारांश असा : कोणत्याही हॉटेलाने अथवा उपाहारगृहाने बिलात सेवाशुल्क आपोआप घालू नये, दुसऱ्या नावानेही ते घेऊ नये, ग्राहकावर त्याची सक्ती करू नये, व ते ऐच्छिक असल्याचे त्यास स्पष्ट सांगावे, सेवाशुल्क न देणाऱ्यास प्रवेश किंवा सेवा नाकारू नये, आणि जेवणाच्या बिलात ते मिळवून एकंदर रकमेवर कर आकारू नये. मंडळी चार असोत की चाळीस, या सूचनांत भेद केलेला नाही.

या सूचनांविरुद्ध हॉटेलमालकांच्या दोन संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात सूचनांस स्थगिती मिळाली व प्रकरण जवळजवळ पावणेतीन वर्षे चालले. २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी दोन्ही याचिका फेटाळल्या, सूचना वैध ठरविल्या आणि प्रत्येक याचिकेवर १ लाख रुपये खर्च बसविला. त्यावर मालकांनी खंडपीठाकडे दाद मागितली. मालकांस एक मार्ग नेहमीच मोकळा आहे : पदार्थांचे भाव ठरविणे हे त्यांच्या हाती आहे. वाढप्यास अधिक वेतन द्यावयाचे असेल तर तितका भाव वाढवून तो कार्डावर उघड छापावा. मग ग्राहक आपली ऐपत पाहून आत येईल किंवा पुढे जाईल.

दुसरा एक निर्णयही आमच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. आयकराच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली असे ठरविले की, ग्राहकाने दिलेली बक्षिशी म्हणजे मालकाने दिलेले वेतन नव्हे; ती मालकाच्या हातून गेली तरी तो ती नोकरांकरिता केवळ विश्वस्ताप्रमाणे हाती धरितो. बक्षीस हे वाढप्याचे, मालकाचे नव्हे, हे तत्त्व यावरून स्पष्ट होते.

इतर देशांत काय चालते हेही पाहण्यासारखे आहे, कारण मोठ्या मंडळींवर आपोआप रक्कम लावण्याची चाल मुख्यतः अमेरिकेत रूढ आहे. तेथे सहा किंवा आठ माणसांहून अधिक मंडळी एका मेजावर बसली की बिलात शेकडा १८ किंवा २० मिळविण्याची रीत पुष्कळ उपाहारगृहांत आढळते. तिचे मूळ तेथील वेतनाच्या कायद्यात आहे. बक्षिशी मिळविणाऱ्या नोकरास मालकाने तासास २ डॉलर १३ सेंट इतके रोख वेतन दिले तरी पुरे, असा १९९१ पासूनचा संघराज्याचा नियम आहे. मात्र बक्षिशी धरून त्याची कमाई किमान वेतनाइतकी भरली पाहिजे. काही राज्यांनी ही सवलत ठेविलेली नाही, परंतु जेथे ती आहे तेथे ग्राहकाची बक्षिशी हाच वाढप्याचा पगार होऊन बसतो. मोठी मंडळी न देता उठून गेली तर त्याची सारी संध्याकाळ फुकट जाते. तरीसुद्धा २०१४ पासून तेथील कर खाते अशा सक्तीच्या रकमेस बक्षिशी मानीत नाही, वेतनच मानते. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२४ पासून बक्षिशीची सर्व रक्कम नोकरांस दिली पाहिजे असा कायदा लागू झाला आहे. जपानात तर बक्षिशी देण्याची चालच नाही. चांगली सेवा ही जेवणाच्या किमतीतच आली, असे तेथे मानितात.

आपल्या देशात किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला व वेतनाचा भार मालकावर ठेवण्यात आला. म्हणून अमेरिकेची सक्ती उचलून येथे आणण्याचे कारण नाही. परंतु त्या सक्तीच्या मागे जे निरीक्षण आहे ते मात्र खोटे नव्हे. चोवीस मंडळी बसावयाची म्हणजे मेजे जोडावी लागतात. एक वाढपी दोन-तीन तास त्यांच्याकडेच अडकून पडतो. तेवढ्या वेळात लहान मेजांवर दोन-तीन वेळा नवी मंडळी येऊन गेली असती व प्रत्येकाने दहा-वीस रुपये ठेविले असते. एकास तिखट नको, दुसऱ्यास कांदा नको, तिसऱ्याचे पाणी सांडले, हे सारे त्यानेच पाहावयाचे. आणि शेवटी बिल देताना बारभाईचा कारभार! प्रत्येकास वाटते, दुसऱ्याने ठेविले असेल. त्यामुळे ज्याने सर्वांत अधिक राबावे, त्यासच माणशी सर्वांत कमी मिळते. आमच्या पंगतीतील प्रत्येकाच्या वाट्यास त्या दिवशी अडीच रुपये आले होते!

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस आमचे सांगणे असे आहे. मोठ्या संख्येने जावयाचे असेल तर आधीच विचारावे, की बिलात सेवाशुल्क घालता काय. घालीत असतील तर ते नको असल्याचे तेव्हाच सांगावे. पोट भरल्यावर भांडण्यापेक्षा हे केव्हाही बरे. बिल आले की ओळ न् ओळ वाचावी. कर सरकारचा आहे, तो दिलाच पाहिजे. सेवाशुल्क सरकारचे नव्हे. ते काढण्यास सौजन्याने सांगावे, आणि वाढप्यावर आवाज चढवू नये, कारण ती ओळ त्याने लिहिलेली नसते. गल्ल्यावर कोणी ऐकलेच नाही, तर बिल जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. खारघर रायगड जिल्ह्यात मोडते, म्हणून अलिबागेस जिल्हाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो.

याच्या जोडीने दुसरे कर्तव्य विसरू नये. वर्गणी काढतानाच बक्षिसाची रक्कम निराळी धरावी. आमच्या मुलांनी ३७० ऐवजी ४०० रुपये घेतले असते, तर बिल भागून ७८० रुपये उरले असते. म्हणजे जवळजवळ तितकेच, जितके गल्ल्यावरचे गृहस्थ सक्तीने मागत होते. फरक एवढाच, की ते आमच्या खुशीने आणि ज्याचे त्याच्या हाती गेले असते. किती द्यावे याचा नियम नाही. बिलाच्या शेकडा ५ ते १० देण्याची चाल आपल्या शहरांत पुष्कळ ठिकाणी दिसते, पण ती चाल आहे, कायदा नव्हे. सेवा वाईट झाली असेल तर न द्यावे, व कारण मालकास सांगावे. ज्यास देण्याची ऐपत नाही त्याने लाजू नये. दोन गोड शब्द कोणासही परवडतात. आजकाल बिल मोबाइलवरून भरतात व ती रक्कम मालकाच्या खात्यात जाते. म्हणून बक्षिसापुरती रोकड खिशात असू द्यावी. आणि आपखुशीने सेवाशुल्क भरले असेल, तर पुन्हा बक्षीस दिलेच पाहिजे असे नाही.

पालकांस आणखी एक विनंती. मुले आपल्याकडे पाहून शिकतात. वाढप्यास चुटकी वाजवून बोलाविणारा पिता बशीत शंभराची नोट टाकील, तरी मुलगा चुटकीच शिकेल. आपल्याच शाळेतील काही मुलांचे वडील वा थोरले भाऊ संध्याकाळी कोठे तरी ताटे उचलीत असतील, ही गोष्ट प्रत्येक घरी बोलली जावी.

आता त्या साठ रुपयांचे पुढे काय झाले ते सांगून लेख संपवितो. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गप्रमुखास आमच्या मनातील शल्य बोलून दाखविले. तो थोडा वेळ गप्प राहिला, व म्हणाला, “सर, मलाही रात्री तेच वाटत होते.” त्याने माणशी ३० रुपये पुन्हा मागितले. आम्हांसह बावीस जणांनी दिले. ६६० रुपये जमले. मुले पाकीट घेऊन गेली तो वाढपी रजेवर गावी गेला होता. “येथे ठेवा, मी देईन,” असे गल्ल्यावरून सांगण्यात आले. मुलांनी आभार मानले, पाकीट परत आणिले आणि आठ दिवसांनी पुन्हा गेली. त्या वेळी तो भेटला. पाकीट हाती घेऊन त्याने प्रथम विचारले, “बिलात काही चुकले होते का?” वर्गप्रमुख म्हणाला, “बिलात नाही, दादा. आमच्याकडून राहिले होते.”