व्हायोला म्हणजे बनफशा नव्हे

गेल्या जानेवारीत एक तरुण माता खोकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. तिच्या हातात गॅलरीतील कुंडीतून खुडलेली जांभळी-पिवळी फुले होती. "डॉक्टर, मोबाइलने याचे नाव 'व्हायोला' सांगितले. सासूबाई म्हणतात, बनफशाही व्हायोलाच. काढा करून देऊ का?"

प्रश्न रास्त होता. आपल्या छत्रपती संभाजीनगरात युनानी औषधांची परंपरा जुनी आहे आणि सर्दी-खोकल्याच्या जोशांद्यात बनफशा असतो, हे अनेक घरांना ठाऊक आहे. परंतु व्हायोला हे एका वनस्पतीचे नव्हे, तर शेकडो जाती सामावणाऱ्या गटाचे नाव आहे.

तिच्या हातात होती ती पॅन्सी. युरोपातील रानफुलांच्या संकरातून ती एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडली. आपल्याकडे ती हिवाळ्यात रोपवाटिकांतून येते आणि ऊन तापू लागताच सुकते. बनफशा मात्र थंड हवेत वाढणारा, बहुवर्षायू.

वाचकहो, दोहोंतील भेद साध्या डोळ्यांनी दिसतो. पॅन्सीच्या पाच पाकळ्यांपैकी चार वरच्या दिशेला वळलेल्या असतात व एकच खाली. बनफशाच्या दोन वर व तीन खालच्या बाजूला असतात. पॅन्सीचे पान लांबट आणि देठाच्या बुडाशी पानासारखीच मोठी, कातरलेली उपपर्णे असतात. बनफशाचे पान हृदयाकृती, उपपर्णे अरुंद.

पॅन्सीच्या पाकळ्या विषारी नाहीत. मात्र शोभेच्या रोपांवर कीटकनाशक फवारलेले असू शकते आणि व्हायोलाच्या मुळांनी व बियांनी उलट्या होऊ शकतात. म्हणून कुंडीतील फूल काढ्यात घालू नये. वाळलेल्या चुऱ्यात तर ओळखीच्या खुणाही उरत नाहीत. तो जाणकाराच्या सल्ल्यावाचून मुलांना देऊ नये.

खोकणाऱ्या मुलाच्या बाबतीत काढ्याआधी श्वास पाहावा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात 60, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा त्याहून अधिक श्वास भरले, छाती आत ओढली जात असेल अथवा मूल काही पीत नसेल, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. एक वर्षाखालील बाळाला मधही देऊ नये.

त्या मुलाचे श्वास मी मोजले. ते 28 भरले. कोमट पाणी आणि विश्रांती एवढेच त्याला पुरेसे होते.