मालवणचा किनारा : एका दिवसाची जलसफर

मालवणच्या किनाऱ्यावर इतिहास आणि सागरी जीवसृष्टी इतक्या निकट आहेत की, स्वतंत्र होडी ठरवून निघालेल्या कुटुंबाला दोन्हींचे दर्शन एकाच दिवसात घडू शकते. सकाळी समुद्र शांत असताना कर्ली नदी जेथे सागराला मिळते त्या देवबागच्या संगमाकडे जावे. तेथील पाण्यात पाठीवर उंचवटा असलेले, किनाऱ्यालगत वावरणारे कुबड डॉल्फिन श्वासासाठी वर येतात. त्यांचा पाठलाग न करता नावाड्याला यंत्र मंद ठेवण्यास सांगावे, कारण पाण्याखालचा गोंगाट त्यांच्या ध्वनीवर अवलंबून असलेल्या संचारात अडथळा आणतो.

त्यानंतर कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग पाहावा. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये बांधकामास आरंभ केलेल्या या जलदुर्गात, म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या किल्ल्यात, दूध, दही आणि साखर या नावांच्या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. शिवराजेश्वर मंदिरही येथेच आहे. भोवतालच्या पाण्यात प्रवाळ, म्हणजे चुनखडीचा सांगाडा रचणारे सूक्ष्म सागरी प्राणी, आढळतात आणि या परिसरात 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. म्हणून प्रवाळावर पाय देणे किंवा नांगर टाकणे कटाक्षाने टाळलेच पाहिजे. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि होड्या बंद राहतात, त्यामुळे ही सफर हिवाळ्यातच आखावी.