डेंटल बोर्डावरची खुर्ची

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात २००३च्या सुमारास मॉलमधल्या छोट्या स्टॉलवर आणि स्पामध्ये दात पांढरे करून मिळू लागले, तेही डेंटिस्टपेक्षा कमी पैशांत. डेंटिस्टांच्या व्यवसायावर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या डेंटल बोर्डाकडे तक्रारी येऊ लागल्या. त्या डेंटिस्टांच्याच होत्या, आणि दातांना इजा झाल्याचा उल्लेख त्यांत क्वचितच असे. बहुतेकांना खुपत होता तो स्वस्त दर. २००६पासून बोर्डाने निदान ४७ नोटिसा धाडल्या: हे काम बंद करा. मॉलवाल्यांनाही पत्रं गेली. स्टॉल उठले.

या बोर्डावर होतं कोण? आठ जण: सहा व्यवसाय करणारे डेंटिस्ट, दातांच्या सफाईचा परवाना असलेला एक डेंटल हायजीनिस्ट आणि एक सामान्य नागरिक. डेंटिस्टांना निवडून देणारे डेंटिस्टच. गव्हर्नर नेमत असे तो फक्त नागरिक सदस्य. दात पांढरे करण्यातून बोर्डावरच्या अनेकांना चांगली कमाई होत होती.

बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने हे प्रकरण हाती घेतलं. फेब्रुवारी २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी बोर्डाविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिलेल्या या निकालाचा गाभा असा: ज्या धंद्यावर लक्ष ठेवायचं, त्याच धंद्यातल्या लोकांच्या हाती बोर्ड असेल, तर राज्य सरकारची प्रत्यक्ष देखरेख हवी. ती नसेल, तर मक्तेदारीविरोधी कायदा बोर्डालाही लागू होतो.

तरीही बोर्डावर डेंटिस्ट लागतातच. रूट कॅनाल बिघडली ती हलगर्जीपणामुळे की दातच तसा अवघड होता, हे दुसऱ्या कुणाला कळणार? म्हणून टेक्सासच्या कायद्यात डेंटिस्ट सदस्य राज्याचा रहिवासी असावा लागतो आणि नेमणुकीआधीची निदान पाच वर्षं त्याने प्रत्यक्ष प्रॅक्टिस केलेली असावी लागते. कॅलिफोर्नियातही पाच वर्षांचीच अट आहे.

खरी कसोटी लागते ती नागरिक सदस्य निवडताना. टेक्सासमध्ये या जागेवरच्या माणसाकडेच नव्हे, तर त्याच्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडेही आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक परवाना असून चालत नाही. बोर्डाच्या अखत्यारीतल्या संस्थेत दोघांपैकी कुणाची दहा टक्क्यांहून जास्त मालकी असली, तरी नाव बाद. आरोग्य क्षेत्रातल्या व्यापारी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना आणि पगारी सल्लागारांना तर कुठल्याच जागेवर बसता येत नाही. अटी जाचक वाटतील, पण नॉर्थ कॅरोलायनाची गोष्ट ऐकल्यावर त्यांतली एकही जास्तीची वाटत नाही.

कॅलिफोर्नियाच्या १५ जणांच्या बोर्डाची रचना त्याहून विचारपूर्वक केलेली दिसते. तिथल्या आठ डेंटिस्टांपैकी एक दंतमहाविद्यालयात शिकवणारा आणि एक ना-नफा सामुदायिक दवाखान्यात काम करणारा असावाच लागतो. खासगी दवाखान्याची पायरी ज्यांना परवडत नाही, त्यांचे दात रोज पाहणारा माणूस त्यामुळे बोर्डावर येतो. शिवाय पाच जागा नागरिकांच्या.

टेक्सासमध्येही नागरिक पाचच होते. २०१७मध्ये तिथलं बोर्ड १५वरून ११ सदस्यांवर आणलं गेलं. हायजीनिस्टांच्या जागा दोनाच्या तीन झाल्या, डेंटिस्ट आठाचे सहा झाले आणि नागरिक उरले दोन. सदस्य कमी करायचे होते हे मान्य, पण सर्वांत मोठी कात्री लागली ती रुग्णाच्या बाजूच्या खुर्च्यांना.