खिशात मावणारा गावचा संगणक

परतवाड्याच्या कुठल्याही मोबाइल दुकानात उभं राहा. काचेमागच्या बहुतेक फोनांच्या पोटात अँड्रॉइड आहे आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स. लिनक्स ही संगणकप्रणाली मोकळी आहे. कुणीही उघडून वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. पण अँड्रॉइडच्या कितीतरी आधी, २००१ सालीही लोक लिनक्स खिशात घालून फिरत होते!

तेव्हा अमेरिकेत ‘अजेंडा व्हीआर३’ नावाची डिजिटल डायरी निघाली. पत्ते, भेटीगाठी, कामांची यादी, सगळं लिनक्सवर. वेग ६६ मेगाहर्ट्झ, मेमरी ८ एमबी. आजच्या मोबाइलच्या दोन-तीन फोटोंतच एवढी जागा संपते. आणि चालायची कशावर? रिमोटमध्ये घालतो तसल्या दोन बारक्या सेलवर!

मला मात्र जीव लावला तो त्याच वर्षीच्या आपल्या देशी यंत्रानं. नाव सिम्प्युटर. साधा, स्वस्त, अनेक भाषा जाणणारा कॉम्प्युटर, असा त्या नावाचा अर्थ. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे चार प्राध्यापक एन्कोर सॉफ्टवेअरच्या विनय देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर एकत्र आले. २५ एप्रिल २००१ रोजी त्यांनी नमुना लोकांपुढे ठेवला. २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, बोटांऐवजी लेखणीनं हाताळायचा पडदा आणि आत लिनक्स. पुढच्या वर्षी आलेल्या जपानी शार्प झॉरसमध्येही त्याच वेगाचा स्ट्राँगआर्म होता!

खरी गंमत पुढेच आहे. परदेशातल्या डायऱ्या ‘माझी, माझ्या खिशातली’ म्हणून विकल्या जायच्या. सिम्प्युटरला स्मार्टकार्डाची खाच होती. यंत्र गावात एकच ठेवायचं आणि कार्ड ज्याचं त्याचं. आपलं कार्ड खुपसलं की आपली माहिती समोर, काढून घेतलं की पुढच्याचा नंबर. आम्हा अचलपूरकरांना यातलं मोल लगेच कळतं. मूर्तिजापूरहून इथवरचे ७६ किलोमीटर अडीच फुटी रुळांवरून येणारी शकुंतला अशीच होती. गाडी एवढीशी, पण वाटेवरच्या साऱ्या गावांची.

वाचता न येणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी या मंडळींनी ‘ध्वनी’ लिहिला. समोरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा हा प्रोग्राम. सातबारा घेऊन कुणातरी शिकलेल्याचं दार ठोठावणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या हातात बोलकं यंत्र द्यायचं हे स्वप्न केवढं मोठं होतं!

फक्त प्रणालीच नाही, यंत्राची रचनाही मोकळी ठेवली होती. कारखानदारानं एकदाच परवाना फी भरायची. गरीब देशातल्यानं भरायची २५,००० डॉलर आणि श्रीमंत देशातल्यानं त्याच्या दहापट! कुणी सुधारणा केली, तर काही काळानं तीही सगळ्यांना खुली करायची. लेखक ब्रूस स्टर्लिंग यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिकात २००१ मधल्या संगणकक्षेत्रातल्या शोधांमध्ये याला सर्वांत मोठा मान दिला.

दुकानात यायला मात्र मार्च २००४ उजाडलं. पिकोपेटा ही कंपनी आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी मिळून ‘अमिडा सिम्प्युटर’ आणला. सर्वांत साध्या मॉडेलची किंमत ९,९५० रुपये. आत हालचाल ओळखणारा सेन्सर होता. यंत्र नुसतं कलवलं की पडद्यावरचं पान उलटायचं. आयफोन यायला अजून तीन वर्षं होती!

ते गेलं कुठं कुठं? गोव्यात डेंपो कंपनीच्या खनिज-लोखंडाचा खाणीपासून जहाजापर्यंतचा हिशेब यावर राहिला. मुंबईत महिंद्रानं गाड्यांच्या इंजिनाचे दोष शोधायला ते वापरलं. म्हैसूरकडं बचतगटांच्या कर्जाच्या नोंदी, कर्नाटकात जमिनीच्या नोंदी, छत्तीसगडात शिक्षण.

तरीही अपेक्षा सुमारे ५०,००० यंत्रांची होती आणि २००५ पर्यंत खपली जेमतेम ४,०००. तोवर मोबाइल स्वस्त होत चालला होता. त्यावर निदान बोलता तरी यायचं. मला ही गोष्ट आजही लागते.

पण ‘ध्वनी’ वाचला. त्याचा कोड उघडा होता, म्हणून संतोष थोट्टिंगल यांच्यासारख्या प्रोग्रामरांना तो हाती घेऊन वाढवता आला. सुरुवातीला हिंदी, कन्नड अशा थोड्याच भाषा बोलणारा तो आवाज पुढे मल्याळम शिकला, गुजराती शिकला, बंगाली शिकला. आणि मराठीही.