कार्बनवाहिनीसाठी ‘सज्ज’ वीजकेंद्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोळसा किंवा नैसर्गिक वायू जाळणाऱ्या वीजकेंद्राच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, दाबून दाट करायचा आणि पाइपलाइनने नेऊन खोल खडकात कायमचा साठवायचा, हे काम खर्चिक असल्याने आज फार थोड्या ठिकाणी होते. वीजकेंद्र मात्र एकदा उभे राहिले की काही दशके चालते. म्हणून युरोपीय संघाने 2009 च्या निर्देशात 300 मेगावॉट व त्यावरील नव्या केंद्रांसाठी तीन गोष्टींची तपासणी सक्तीची केली : साठवणीला योग्य जागा आहे का, तिथवर वाहतूक शक्य आहे का आणि वायू वेगळा काढणारी यंत्रणा मागाहून बसवणे तंत्र व खर्च या दोन्ही दृष्टींनी जमेल का. उत्तर होकारार्थी असेल, तर केंद्राच्या आवारात जागा राखून ठेवावी लागते. अशा केंद्राला ‘सज्ज’ म्हणतात. ब्रिटननेही त्याच वर्षी यासाठी मार्गदर्शिका काढली.

गैरसमज : ‘सज्ज’ केंद्र कमी प्रदूषण करते.

वस्तुस्थिती : यंत्रणा बसून सुरू होईपर्यंत एक किलोही उत्सर्जन घटत नाही. विजेच्या एका युनिटमागे कोळशाच्या केंद्रातून साधारण 0.9 ते 1 किलो, तर आधुनिक वायुकेंद्रातून 0.35 ते 0.4 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. केंद्र सज्ज असल्याने या आकड्यात फरक पडत नाही. पुढचा मार्ग मोकळा राहतो, इतकेच.

गैरसमज : मोकळी जागा राखली की तयारी झाली.

वस्तुस्थिती : जागा लागतेच, पण कुठे, हेही महत्त्वाचे. धुराचे जाडजूड नळ लांबवर फिरवणे महागात पडते, म्हणून ती धुराड्याजवळ हवी. धुरातला वायू अमाइन या रसायनाच्या द्रावणात शोषला जातो आणि ते द्रावण सुमारे 120 अंश सेल्सियसला तापवून त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडवला जातो. त्यासाठी टर्बाइनच्या मधल्या आणि कमी दाबाच्या टप्प्यांमधून वाफेचा मोठा हिस्सा काढावा लागतो. वाफ काढण्याची ही सोय टर्बाइनच्या मूळ आराखड्यात नसेल, तर पुढे ती करणे जिकिरीचे होते. शिवाय थंड करण्यासाठी जादा पाणी आणि कॉम्प्रेसरसाठी वीज लागते. कोळशाच्या केंद्रात गंधकाचे ऑक्साइड नेहमीच्या मर्यादेपेक्षाही खाली आणावे लागतात, नाहीतर अमाइन लवकर खराब होते.

गैरसमज : कार्बन डायऑक्साइड नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनीतून तसाच पाठवता येईल.

वस्तुस्थिती : दोन्ही वायूंचे वागणे वेगळे आहे. सुमारे 31 अंश तापमान आणि 74 बार दाब हा कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू. लांबच्या वाहतुकीत दाब त्याहून बराच वर, बहुधा 100 ते 150 बार ठेवतात, म्हणजे तो द्रवाइतका दाट होऊन पंपाने ढकलता येतो. त्याआधी तो कोरडा करावा लागतो. पाणी सुटे राहिले तर कार्बोनिक आम्ल तयार होऊन साधे पोलाद झपाट्याने गंजते. पाइपला तडा गेल्यावरही फरक दिसतो. नैसर्गिक वायूचा दाब भराभर उतरतो आणि तडा सहसा थांबतो. दाट कार्बन डायऑक्साइड मात्र उकळू लागतो, दाब एका पातळीवर टिकून राहतो आणि तडा पुढे पळू शकतो. नायट्रोजन किंवा हायड्रोजन मिसळलेला असेल तर ही पातळी आणखी वर जाते. म्हणून वायू किती शुद्ध करायचा, हे वीजकेंद्रात ठरवताना पाइपलाइनच्या अटी पाहाव्या लागतात. जुनी पाइपलाइन वापरता येते, पण कसून तपासणीनंतर आणि अनेकदा कमी दाबावर, म्हणजे कमी वायू नेऊन.

गैरसमज : कार्बन डायऑक्साइड जळत नाही, म्हणून धोका नाही.

वस्तुस्थिती : तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने सखल भागात साचतो आणि माणूस गुदमरतो. 22 फेब्रुवारी 2020 रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, सटार्शिया गावाजवळ, अतिवृष्टीने उताराची माती सरकली आणि कार्बन डायऑक्साइडची 24 इंची पाइपलाइन फुटली. वायूचा ढग गावावर आला, मोटारींची इंजिने बंद पडली. सुमारे 200 जणांना हलवावे लागले आणि 45 जणांनी उपचार घेतले. कोणी दगावले नाही. वायू गावापर्यंत पोहोचेल, असे आधीच्या अंदाजात धरलेले नव्हते. दुसरीकडे, अमेरिकेत अशा सुमारे 8,000 किलोमीटर पाइपलाइनी आहेत आणि पहिली मोठी पाइपलाइन 1972 साली टेक्ससमध्ये चालू झाली. धोका आटोक्यात ठेवता येतो, पण त्यासाठी मार्ग निवडतानाच जमिनीचा उतार, वस्ती आणि झडपांमधील अंतर यांचा विचार व्हायला हवा.

गैरसमज : पाइपलाइनचे नंतर पाहता येईल.

वस्तुस्थिती : तोवर मार्गात घरे, रस्ते किंवा संरक्षित क्षेत्र उभे राहू शकते. म्हणूनच 2009 च्या ब्रिटिश मार्गदर्शिकेत केंद्रापासूनच्या पहिल्या 10 किलोमीटरसाठी 1 किलोमीटर रुंदीचा आणि पुढे साठवणीपर्यंत 10 किलोमीटर रुंदीचा पट्टा दाखवायला सांगितले होते. कॅनडातील बाउंडरी डॅम केंद्रात 2014 साली एका जुन्या संचाला वायू वेगळा काढणारी यंत्रणा जोडता आली, त्यामागे तो वायू वापरणारे वेबर्नचे तेलक्षेत्र पाइपलाइनच्या टप्प्यात असणे हे मोठे कारण होते. इंग्लंडमधील टीसाइडच्या प्रकल्पात नवे वायुकेंद्र आणि समुद्रातील सुमारे 145 किलोमीटरची पाइपलाइन एकत्रच आखली गेली. या पाइपलाइनमध्ये परिसरातील इतर उद्योगांचाही वायू जाणार आहे.