टेनिसच्या मैदानावरचा कोनदुभाजक

आमच्या गावच्या जिमखान्यात सिमेंटचे एकच टेनिस-कोर्ट आहे. तिथे रोज सकाळी एक निवृत्त गृहस्थ खेळायला येतात. वय साठीच्या पुढे, एक गुडघा दुखरा, धावणे जवळजवळ नाहीच. त्यांच्याशी खेळणारी कॉलेजातली मुले मात्र मैदानभर धावून घामाघूम होतात आणि बहुधा हरतात. हरलेला मुलगा म्हणतो, "काकांचं नशीब बघा! मी मारीन तिथे ते आधीच उभे!"

यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. नववीच्या भूमितीत शिकलेला कोनदुभाजक आठवतो ना? काका त्याच्यावर उभे असतात. त्यांना विचाराल तर त्यांना हे सांगता येणार नाही. त्यांना ते सवयीने जमते. आपण मात्र कागदावर काढून पाहू.

एकेरीचे कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असते. मधोमध जाळे. जाळ्यापासून दोन्ही बाजूंना ६.४० मीटरवर सर्व्हिसची रेषा. एक मीटरला एक सेंटिमीटर हे प्रमाण घेतले तर ही आकृती फुलस्केप कागदावर सहज मावते. उजवीकडे तीनेक सेंटिमीटर जागा मात्र मोकळी सोडा. ती पुढे लागेल.

आता समजा, तुम्ही आकृतीच्या खालच्या टोकाला, म्हणजे आपल्या बेसलाइनवर, जाळ्याकडे तोंड करून उभे आहात. प्रतिस्पर्धी पलीकडच्या बेसलाइनवर, तुमच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात आहे. तो चेंडू कुठे कुठे मारू शकेल? एक टोक म्हणजे सरळ फटका. डाव्या कडेच्या रेषेला धरून चेंडू तुमच्या डाव्या कोपऱ्यात येईल. दुसरे टोक म्हणजे तिरका फटका. तुमच्या बाजूची सर्व्हिसची रेषा उजव्या कडेच्या रेषेला मिळते, त्या बिंदूवर टप्पा पडला असे धरू. याहून तिरका फटका बेसलाइनवरून मारणे हौशी खेळाडूला क्वचितच साधते. टप्पा पडल्यावर चेंडू थांबत नाही, त्याच दिशेने पुढे जातो. ती रेषा तुमच्या बेसलाइनच्या पातळीपर्यंत वाढवा. ती कोर्टाच्या बाहेर जवळजवळ अडीच मीटरवर पोहोचते! सोडलेली जागा याच्यासाठी.

या दोन रेषांमधला कोन कोनमापकाने मोजा. तो सुमारे २४ अंश भरतो. सगळे संभाव्य फटके या पंख्यात येतात. पंख्याच्या दोन्ही कडा सारख्याच आवाक्यात ठेवायच्या तर उभे राहण्याची जागा म्हणजे कोनाचा दुभाजक. तो काढा आणि तुमच्या बेसलाइनला कुठे छेदतो ते पाहा. बरोबर मध्यावर नव्हे, मध्यापासून सुमारे एक मीटर उजवीकडे.

मला लहानपणी शिकवले होते, "फटका मारला की धावत मध्यावर ये." मी वर्षानुवर्षे इमानाने मध्यावर येत राहिलो आणि उजवीकडून जाणाऱ्या चेंडूकडे पाहत राहिलो. प्रतिस्पर्धी मधोमध असेल तेव्हाच तो सल्ला खरा, हे फार उशिरा उमगले.

गंमत पुढेच आहे. हाच दुभाजक जाळ्याच्या दिशेने पाहत जा. तो हळूहळू डावीकडे सरकतो, सर्व्हिसच्या रेषेच्या थोडा मागे मध्यरेषा ओलांडतो आणि जाळ्यापासून तीन मीटरवर येतो तेव्हा मध्याच्या डावीकडे ९० सेंटिमीटरवर असतो. म्हणजे चेंडू त्याच कोपऱ्यात, प्रतिस्पर्धी तोच. पण तुम्ही मागे असाल तर चेंडूच्या विरुद्ध बाजूला सरकायचे, आणि जाळ्याजवळ असाल तर चेंडूच्याच बाजूला. जुने खेळाडू हे दोन वेगळे नियम म्हणून सांगतात. भूमितीच्या दृष्टीने ती एकच रेषा आहे.

आता काकांच्या गुडघ्याकडे वळू. समजा, तुम्ही उजव्या कोपऱ्यात धावत जाऊन चेंडू गाठला आहे. तो कुठे मारावा? सरळ समोर मारलात तर प्रतिस्पर्धी तुमच्या उजव्या बाजूच्या कोपऱ्यात येतो, दुभाजक मध्याच्या डावीकडे जातो आणि तुम्हाला ५.१ मीटर परत यावे लागते. तिरका, म्हणजे पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात मारलात तर ३.१ मीटरच यायचे. दोन मीटरांची बचत. शिवाय कर्णावरचा मार्ग २५.१५ मीटर, म्हणजे सरळ मार्गापेक्षा १.३८ मीटर लांब, त्यामुळे थोडा वेळही जास्त मिळतो. चेंडूचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर धरा आणि भागाकार करा. सरळ फटक्यानंतर तुम्हाला सेकंदाला ३.२ मीटर वेगाने परतावे लागेल. तिरक्या फटक्यानंतर १.९ मीटर पुरे. पहिले धावणे झाले, दुसरे जेमतेम भरभर चालणे! काका कोपऱ्यातून सरळ फटका का मारत नाहीत, याचे हे उत्तर. त्यात जाळे मधोमध ९१ सेंटिमीटर उंच आणि खांबांपाशी १०७ सेंटिमीटर. कर्णावरून जाणारा चेंडू बरोबर सर्वांत बुटक्या भागावरून जातो, हा आणखी एक फायदा.

अर्थात आपण सगळे फटके सारख्याच वेगाचे धरले. फार तिरका फटका जोरात मारला तर चेंडू बाहेर जातो, म्हणून तो बहुधा हळू येतो. तेव्हा दुभाजकापासून पाऊलभर सरळ फटक्याच्या बाजूला राहिले तरी चालते.

योग्य जागा समजली, तरी तिथे वेळेत पोहोचता आले नाही तर? अशा वेळी पुष्कळ जण धावतच राहतात, आणि ही मोठी चूक असते. धावत्या शरीराला संवेग असतो. चेंडू तुमच्या पाठीमागच्या बाजूला आला, की आधी तो संवेग मारायचा, मग उलटे निघायचे. तोवर चेंडू गेलेला. माझ्या मते अर्ध्या वाटेवर का होईना, प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी सावध थांबणे हे योग्य जागी पोहोचण्यापेक्षाही महत्त्वाचे आहे.

थांबणे म्हणजे खांबासारखे उभे राहणे नव्हे. चांगला खेळाडू त्या क्षणी लहानशी उडी मारतो, दोन बोटांची, आणि पाय खांद्यांपेक्षा जास्त फाकवून, गुडघे वाकवून चवड्यांवर उतरतो. का? उजवीकडे जायचे तर जमिनीला डावीकडे ढकलावे लागते; न्यूटनचा तिसरा नियम. त्यासाठी ढकलणारा पाय गुरुत्वमध्याच्या बाहेर, डावीकडे असावा लागतो. पाय जुळवून उभा असलेला मुलगा आधी पाय बाजूला टाकतो आणि मग ढकलतो, त्यात वेळ जातो. फाकलेले पाय ही तयारी आधीच करून ठेवतात. उतरताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू लगेच आकुंचन पावला तर जास्त जोर देतो. उंच उडी मारण्याआधी आपण नकळत गुडघे वाकवतो, तेच हे.

उडीची वेळ साधणे अवघड असते. डोळ्यांनी पाहून शरीर हलायला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. पटत नसेल तर मित्राला तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याची खूण तुमच्या उघड्या चिमटीत असू द्या. न सांगता तो पट्टी सोडील, तुम्ही पकडा. वीस सेंटिमीटरच्या आसपास पकडलीत तर तुमचा प्रतिक्रिया-काल ०.२ सेकंद. चेंडू कुठल्या बाजूला जातो हे ठरवायचे असेल तर वेळ आणखी वाढतो. तेवढ्या वेळात तुम्ही हवेतून खाली यायला हवे. फार लवकर उडी मारलीत तर ताण वाया जातो. उशीर झाला तर चेंडू निघून जातो आणि तुम्ही अधांतरी.

रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विंबल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. त्यांची सर्व्हिस तोफेच्या गोळ्यासारखी नव्हती. चेंडू नेमक्या जागी टाकणे हे त्यांचे बळ होते.

तुमच्या शाळेत टेनिस-कोर्ट नसेल, पण बॅडमिंटनचे बहुधा असेल. एकेरीसाठी ते १३.४० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद असते. तिथे टप्पा नाही, फूल कडेच्या रेषेबाहेर जाऊ लागले तर ते सोडून देता येते, आणि डोक्यावरून मागे टाकलेले फूलही गाठावे लागते. वरची आकृती या कोर्टासाठी काढून पाहा. दुभाजकावर नेमके किती मागे उभे राहावे, हे ठरवायला आता कोन पुरेल का?